गोब्लिनचं पोर, राजाची आज्ञा आणि विश्वाचा नकाशा: डी अँड डीमधलं 'अलाइनमेंट' असतं तरी काय

नऊ खान्यांचा तो तक्ता तुमच्या व्हॉट्सॅपवर कधी ना कधी आलाच असेल. वरच्या कोपऱ्यात 'लॉफुल गुड', खालच्या कोपऱ्यात 'केऑटिक ईव्हिल', आणि प्रत्येक खान्यात कुणीतरी बसवलेलं, कधी मालिकेतली पात्रं, कधी क्रिकेटर, कधी नुसत्या वडापाव खायच्या नऊ तऱ्हा. आपण बघतो, हसतो, पुढे पाठवतो. तो तक्ता आला कुठून हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. पन्नास वर्षं जुन्या एका खेळाचा तो नियम आहे, आणि त्या खेळात तोच तक्ता विश्वाचा नकाशासुद्धा आहे, म्हणजे मेल्यावर तुमचं पात्र कुठे जाणार हे त्यावरून ठरतं.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, सगळे डी अँड डी म्हणतात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्याची माहिती एका कागदावर लिहिलेली असते, आणि एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणजे डीएम म्हणतात, आपल्याकडच्या नाटकातला सूत्रधार समजा. पात्र काय करणार ते तुम्ही बोलून सांगायचं आणि जमलं का नाही ते फासे सांगणार. इतकंच.

मी हे लिहायला बसलो त्याला कारण आमच्याच टेबलावर झालेलं एक भांडण. कोथरूडला एका मित्राच्या घरी आम्ही रविवारी खेळतो, आणि हौसेने अगदी जुन्या, पहिल्या एडिशनच्या नियमांनी खेळतो, डीएम मी. एका मित्राचं पात्र पॅलाडिन होतं. पॅलाडिन म्हणजे व्रत घेतलेला योद्धा, देवाची शक्ती त्याच्या हातात असते पण व्रत मोडलं की ती जाते. राजाची आज्ञा होती की डोंगरातला गोब्लिनांचा, म्हणजे हिरव्या, बुटक्या रानटी जमातीचा, तळ साफ करा, एकही जिवंत ठेवू नका. लढाई झाली, तळ पडला, आणि शेवटी एका कणगीत लपलेलं गोब्लिनचं लहान पोर सापडलं. मित्राने क्षणभर विचार केला, म्हणाला मी त्याला अंगरख्याखाली घेतो आणि कुणाला सांगत नाही. मी पुस्तकाच्या आठवणीवर निकाल दिला की राजाला दिलेला शब्द मोडला, तू आता लॉफुल राहिला नाहीस, पॅलाडिनपद गेलं. तो म्हणाला, म्हणजे मी त्या पोराला मारलं असतं तर चांगला राहिलो असतो? टेबलावर कुणी काही बोललं नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं, आणि त्या दिवशी खेळ तिथेच थांबला.

पुढचे काही आठवडे मी नुसता हाच विषय वाचत होतो.

आधी एकच दोरी होती

अलाइनमेंट म्हणजे पात्राचा नैतिक कल, म्हणजे मोठ्या भांडणात तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात. 1974 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा नावाच्या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी हा खेळ बाजारात आणला तेव्हा त्यात चांगलं-वाईट असं काही नव्हतंच. तीनच रकाने होते: लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. सुव्यवस्था, मधले, आणि बेबंदी. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक या लेखकांच्या कथांमधून आली, तिथे सुव्यवस्था आणि बेबंदी या विश्वातल्या दोन शक्ती असतात आणि माणसं त्यांच्या ओढाताणीत सापडतात. म्हणजे सुरुवातीला अलाइनमेंट हा स्वभाव नव्हता, पक्ष होता. लढाईत कुणाच्या झेंड्याखाली, एवढंच.

त्या पहिल्या यादीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑर्क नावाचे ते डुकरासारखे रानटी सैनिक, ते त्यात दोन रकान्यांत आहेत, मधल्यातही आणि केऑसमध्येही. म्हणजे 1974 साली ऑर्क कुठल्या बाजूचा हे ठरलेलं नव्हतं, याच्यावर पुढे येतो.

दोनच वर्षांत अडचण दिसायला लागली, कारण लोक लॉ म्हणजे चांगलं आणि केऑस म्हणजे वाईट असंच धरून चालले. म्हणून फेब्रुवारी 1976 मध्ये गायगॅक्स यांनी 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या त्यांच्याच नियतकालिकात लेख लिहून दुसरी दोरी ताणली, आडवी एक आणि उभी एक. आडवी सुव्यवस्था ते बेबंदी, उभी चांगलं ते वाईट. 1977 च्या नवशिक्यांच्या संचात त्यातले पाच खाने आले आणि 1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये पूर्ण नऊ, तोच तुमचा व्हॉट्सॅपवरचा तक्ता.

लॉफुलचा कायद्याशी संबंध थोडाच

इथे मराठीत भाषांतर करताना सगळे फसतात. लॉफुल म्हणजे कायदेशीर असं धरलं की पुढचं सगळं चुकतं. लॉफुल माणूस म्हणजे ज्याला वाटतं की जग नेमांवर, शब्दावर, परंपरेवर, संघटनेवर चालतं आणि एकट्याच्या मनमानीपेक्षा ती चौकट मोठी. केऑटिक म्हणजे ज्याला वाटतं की चौकटीपेक्षा समोरचा माणूस आणि समोरची वेळ मोठी. दोन्हीत चांगली माणसं असतात आणि दोन्हीत नालायकही.

सावकार घ्या. स्टँप पेपर अगदी चोख, व्याजाचा आकडा लिहिलेला, अंगठा घेतलेला, साक्षीदाराची सही, आणि तीन वर्षांनी सगळी जमीन त्याच्या नावावर, एकही नियम न मोडता. हा लॉफुल ईव्हिल. दरोडेखोर रात्री येतो, गोठा पेटवतो, हाताला लागेल ते नेतो, उद्या त्याच्याच साथीदाराचा गळा कापेल. हा केऑटिक ईव्हिल. वाईट दोघेही, पण सावकाराला दरोडेखोर आवडत नाही, दरोडेखोराला सावकार नाही, हे लक्षात ठेवा कारण पुढे विश्वाचं एक मोठं युद्ध यावरच उभं आहे.

चांगल्याच्या बाजूला सोसायटीची ती सेक्रेटरी, जी स्वतःच्या भावालाही पार्किंगचा नियम सोडत नाही पण म्हाताऱ्या आजींचं पाणी बंद होऊ नये म्हणून रात्री दोन वाजता प्लंबरला उठवते, ती लॉफुल गुड. आणि वॉचमन गेट उघडत नाही म्हणून कुलूप तोडून अँब्युलन्स आत घेणारा शेजारी केऑटिक गुड. 'फॉर्म अपुरा आहे, उद्या या' म्हणणारा टेबलामागचा माणूस, ज्याला तुमचं भलंही करायचं नाही आणि वाईटही, तो लॉफुल न्यूट्रल. बाकीचे खाने तुम्हीच भरा, फार अवघड नाही.

मग या सगळ्याचा विश्वाशी काय संबंध?

इथून खरी मजा सुरू होते. साध्या जगात आपण म्हणतो की चांगुलपणा माणसाच्या मनात असतो. डी अँड डीच्या विश्वात चांगुलपणा हे एक ठिकाण आहे. तिथे जाता येतं, तिथली माती हातात घेता येते, तिथे डोंगर आहेत, नद्या आहेत.

या ठिकाणांना प्लेन म्हणतात, विमान नव्हे, भूमितीतलं प्रतल. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर लोक, जसं स्वर्लोक, तपोलोक, पाताळ. मधे आपली पृथ्वी असते तसं माणसांचं जग. त्याला लागून आतले लोक, ज्यातून वस्तू घडतात, अग्नी, जल, वायू, पृथ्वी अशा तत्त्वांचे. आणि सगळ्यात बाहेर बाह्य लोक, जे तत्त्वांचे नाहीत, मतांचे आहेत. जगात जे जे मानलं जातं, ज्यावर लोक जगतात आणि मरतात, ते तिथे जमीन होऊन पसरलेलं असतं.

बाह्य लोक सोळा. ते एका चाकासारखे गोल मांडलेत, म्हणून ग्रेट व्हील म्हणतात. घड्याळाची तबकडी डोळ्यासमोर आणा. बाराच्या जागी निव्वळ चांगुलपणा, इलिझियम. सहाच्या जागी निव्वळ वाईटपणा, हेडीस, जिथे रंगसुद्धा विझलेले असतात. नऊच्या जागी निव्वळ सुव्यवस्था, मेकॅनस, दातेरी चाकांत अडकलेली दातेरी चाकं. तीनच्या जागी निव्वळ बेबंदी, लिंबो, जिथे आग, माती, पाणी, हवा सगळं खळखळत असतं आणि तुम्ही मन लावून विचार केलात तरच पायाखाली जमीन टिकते. मधल्या कोपऱ्यांत जोड्या: वर डावीकडे सुव्यवस्था अधिक चांगुलपणा, सात पायऱ्यांचा माउंट सेलेस्टिया पर्वत, वर उजवीकडे केऑटिक गुडचं रान आर्बोरिया, खाली डावीकडे नऊ थरांचा नरक, खाली उजवीकडे तळ नसलेलं ॲबिस. उरलेले आठ या आठांच्या फटींत बसतात, आणि चाकाच्या आसाच्या जागी आउटलँड्स, जे कुठल्याच बाजूचे नाहीत. त्या आउटलँड्सच्या मधोमध एक सुळका आहे आणि त्याच्या टोकावर, हवेत तरंगणाऱ्या बांगडीसारखं सिगिल नावाचं शहर, जिथे देवदूत आणि राक्षस एकाच खानावळीत जेवतात. हे शहर 1994 च्या 'प्लेनस्केप' या संचातून आलं, आणि माझ्या मते या खेळाने केलेलं सगळ्यात विचारी काम तेच.

एक जुना तपशील मराठी वाचकाला खटकेल, मलाही खटकला. 1978 च्या पुस्तकात ते दातेरी चाकांचं, यंत्रवत सुव्यवस्थेचं प्लेन आहे ना, त्याचं नाव चक्क 'निर्वाण' ठेवलं होतं. पुढे ते बदलून मेकॅनस झालं, बरं झालं.

आता अलाइनमेंटचा अर्थ लागायला लागतो. ते नुसतं स्वभावाचं लेबल नाही, तो पत्ता आहे. मेल्यावर आत्मा आपल्या कलाशी जुळणाऱ्या लोकात ओढला जातो, पाणी उताराकडे जातं तसं. प्लेनस्केपमध्ये अशा आत्म्याला आधीचं जगणं आठवत नाही, आणि हळूहळू तो त्या लोकाच्या मातीतच मिसळून जातो. लॉफुल ईव्हिल आत्मा नरकात लेम्युअर म्हणून उठतो, मेणाच्या गोळ्यासारखा, बुद्धी नसलेला, आणि तिथून पायऱ्या चढत सैतान होऊ शकतो.

सैतान आणि राक्षस एकमेकांशी का भांडतात

पहिला आक्षेप इथेच येतो. चांगलं विरुद्ध वाईट हेच खरं भांडण असेल तर सुव्यवस्था-बेबंदीची दुसरी दोरी कशाला, नुसता गोंधळ.

उत्तर ब्लड वॉर. नरकातले डेव्हिल म्हणजे सावकार, ॲबिसमधले डीमन म्हणजे दरोडेखोर, आणि हे दोघं कुणाला आठवत नाही तेव्हापासून एकमेकांना कापतायत. कारण वाईटपणा कसा असावा यावर त्यांचं पटत नाही. एकाला सगळं जग करारात बांधून गुलाम करायचंय, दुसऱ्याला जाळून टाकायचंय. ते कधी एक झाले असते तर चांगल्या बाजूचं काही खरं नव्हतं, आणि ते एक होत नाहीत ते याच दुसऱ्या दोरीमुळे. (1989 च्या दुसऱ्या एडिशनमध्ये हे दोन्ही शब्दच काढून बाटेझू आणि टनारी अशी नावं दिली होती, कारण तेव्हा अमेरिकेत पालकांमध्ये या खेळातून मुलं सैतानाची पूजा शिकतात अशी भीती पसरली होती.)

नेमॉससची गोष्ट

आता जी गोष्ट सांगतो ती वाचल्यावर मला माझं भांडण पहिल्यांदा नीट दिसलं.

चाकावर मेकॅनस आणि सेलेस्टिया यांच्या मधे आर्केडिया नावाचा लोक आहे. सुव्यवस्थेकडे जास्त झुकलेला पण चांगला. झाडं ओळीत लावलेली, शेतं चौकोनी, कुणी उपाशी नाही. याला तीन थर होते आणि तिसऱ्याचं नाव नेमॉसस. सिगिल शहरात हार्मोनियम नावाचा एक पंथ आहे, आपल्या पेटीशी संबंध नाही, हे तिथले शिस्तवाले, यांचं म्हणणं असं की सगळे आमच्यासारखे वागले तर विश्वात शांतता नांदेल. हेतू चांगलाच होता. त्यांनी नेमॉससवर छावण्या काढल्या, तिथे बेशिस्त लोकांना आणून कोंडायचं आणि सुधारेपर्यंत सुधारायचं. माणसांना मोडून चांगलं करायचं काम वर्षानुवर्षं चाललं.

आणि एक दिवस तो अख्खा थर आर्केडियातून सुटला आणि सरकत जाऊन मेकॅनसला चिकटला. कुणी शाप दिला नाही, कुठला देव रागावला नाही. तिथल्या सुव्यवस्थेतून चांगुलपणा निघून गेला होता, नुसती शिस्त उरली होती, आणि जमीन जिथे शोभते तिथे गेली.

आउटलँड्सच्या काठावरच्या सोळा वेशीगावांचंही तसंच. प्रत्येक बाह्य लोकाच्या दाराशी एक गाव आहे, आणि गावातली माणसं पलीकडच्या लोकासारखीच वागायला लागली तर एका रात्रीत गाव दारापलीकडे जातं, मागे मोकळा माळ. म्हणून काही गावांत शहाणी माणसं मुद्दाम थोडं उलटं वागतात, तोल राहावा म्हणून.

बघा, याचा अर्थ किती मोठा आहे. नकाशा आधी आणि माणसं नंतर असं नाहीच, माणसं जशी वागतात तशी जमीन हलते. नळातून किती पाणी आलं ते मीटर दाखवतं पण मीटरमुळे पाणी येत नाही, तसं अलाइनमेंट हे वागण्याची नोंद आहे, वागायचा हुकूम नाही. मी टेबलावर ते हुकूम म्हणून वापरलं होतं.

वाईट माणूस मंत्राने ओळखता येत असेल तर कोर्ट कशाला?

हा प्रश्न हुशार नवखे खेळाडू पहिल्याच दिवशी विचारतात. जुन्या नियमांत 'डिटेक्ट ईव्हिल' नावाची विद्या आहे, आणि 2000 सालच्या तिसऱ्या एडिशनमध्ये तर पॅलाडिनला ती हवी तेव्हा वापरता यायची. मग गावात शिरायचं, बघायचं कोण वाईट आहे, आणि तलवार काढायची, असं काही टेबलांवर खरंच चालायचं.

पण वाईट असणं आणि गुन्हा करणं वेगळं. शेजाऱ्याच्या पडझडीवर मनातून खूश होणारा, बायकोला रोज घालून पाडून बोलणारा, वजनात मारणारा दुकानदार या विद्येत वाईट दिसेल, म्हणून त्याला रस्त्यात कापायचं का? कापलंत तर पुढच्या वेळी ती विद्या आरशासमोर वापरून बघा. 2014 च्या पाचव्या एडिशनने हा घोळच मिटवला, तिथे ही विद्या माणसाचं मन दाखवत नाही, फक्त भुतं-प्रेतं, नरकातले, स्वर्गातले असे परलोकीचे जीव जवळ आहेत का एवढंच सांगते. मला हा बदल पटतो, पण त्यात काहीतरी गेलंही, कारण चांगुलपणा ही विश्वात खरीखुरी असणारी वस्तू आहे ही कल्पनाच त्याने पातळ झाली.

नरक आहे हे पक्कं माहीत असताना कुणी वाईट का वागेल?

कारण तिथे नरक ही शिक्षा नाही. आपल्या डोक्यात नरक म्हटलं की यमाचा दरबार, चित्रगुप्ताची वही आणि उकळतं तेल येतं. या चाकावर न्यायाधीश नाही. तुम्ही जसे आहात तसल्याच लोकांत तुम्हाला कायमचं ठेवलं जातं, बस. आणि लॉफुल ईव्हिल माणूस स्वतःला लेम्युअर समजत नाही, तो स्वतःला भावी सरदार समजतो, बाकीचे चिरडले जातील पण मी वर चढेन. असं समजणारी माणसं आपल्या ऑफिसात पण असतात, त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

शिवाय सगळीकडे हिशेब कलावरच होतो असंही नाही. 'फर्गॉटन रेल्म्स' हे डी अँड डीतलं सगळ्यात गाजलेलं जग, तिथे कुठल्याच देवाला न मानणारा आत्मा, कितीही सज्जन असला तरी, एका भिंतीत चिणला जायचा आणि हळूहळू विरून जायचा. यावर खेळाडूंनी वर्षानुवर्षं आक्षेप घेतलाय आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. ती भिंत नैतिक नाही, ती देवांची वसुली आहे. आणि असं आपण म्हणू शकतो तेच मुळी चाकामुळे, कारण या विश्वात देवांनाही अलाइनमेंट असतं, देव चांगुलपणा ठरवत नाहीत, तेही कुठल्या ना कुठल्या लोकात घर करून राहतात आणि त्यांचंही चुकू शकतं.

आणि अख्खी जात वाईट असते हे कसं?

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि यावर मला जास्त लिहायचंय.

1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक प्राण्यापुढे अलाइनमेंट छापलं. ऑर्क: लॉफुल ईव्हिल. गोब्लिन: लॉफुल ईव्हिल. मगाशी सांगितलं तसं 1974 साली ऑर्क मधल्या रकान्यातही होता, तीन वर्षांत तो पक्का वाईट झाला. मग 2000 साली तोच ऑर्क केऑटिक ईव्हिल झाला. म्हणजे शिस्तबद्ध वाईट होता तो बेबंद वाईट झाला, मधे ऑर्कांनी काहीच केलं नव्हतं, लेखक बदलले. 2014 मध्ये गोब्लिन न्यूट्रल ईव्हिल आहे. हा जर खरंच रक्तातला गुण असता तर असा एडिशनगणिक बदलला नसता.

आपल्याला हे जवळून लागतं, कारण त्याच 1977 च्या पुस्तकात राक्षसही आहे, आपला राक्षस, वाघाच्या तोंडाचा काढलेला, लॉफुल ईव्हिल. आणि 1980 च्या देवदेवतांच्या पुस्तकात काली माता केऑटिक ईव्हिल. जिला आई म्हणतात तिला त्या खान्यात बघून मला वाईट वाटलं, आणि राग येण्यापेक्षा जास्त असं वाटलं की इथे तक्त्याची लांबी संपली, तिचा संहार आणि तिची माया एकाच खान्यात मावतच नाही. राक्षसांचंही तेच. रामायण ऐकलेल्या कुणालाही विचारा, बिभीषण राक्षसच होता. प्रल्हाद असुराच्या पोटचा. आणि बळीराजा असुर असून आपल्याकडे बायका दिवाळीत ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. कुळ एक आणि वागणं एक हे आपल्या आजीला माहीत होतं.

खेळ बनवणारेही हळूहळू इकडे आले. 2004 च्या 'एबेरॉन' या जगात ऑर्क किंवा गोब्लिनचं अलाइनमेंट जातीवरून धरू नका असं ठरवूनच सगळं रचलं होतं. 2014 च्या पुस्तकात लिहिलं की छापलेलं अलाइनमेंट बदलायला हरकत नाही. 2020 मध्ये खेळ छापणाऱ्या कंपनीने जाहीरपणे मान्य केलं की ऑर्क आणि ड्राऊ (जमिनीखाली राहणारी, काळ्या रंगाची एक जमात) या लोकांना ज्या पद्धतीने सरसकट वाईट रंगवलं ते खऱ्या जगातल्या समूहांना जसं रंगवलं गेलं त्याच्या फार जवळ जातं, आणि 2024 च्या नियमांत 'रेस' हा शब्दच गेला, 'स्पीशीज' आला.

याला विरोध करणारे म्हणतात की मग मारायचं कुणाला, खेळ खेळ राहू द्या. मला त्यांचं म्हणणं कळतं, दिवसभर दमून आल्यावर प्रत्येक शत्रूचं बालपण ऐकायचं नसतं. पण त्यासाठी चाक आहेच की. डीमन हा ॲबिसच्या वाईटपणापासूनच बनलेला असतो, त्याच्यात दुसरं काही नाही, त्याच्याशी बिनधास्त लढा. ऑर्क आणि गोब्लिन आईच्या पोटी जन्मतात, वाढतात, शिकतात. हा फरक नीट पाळला तर दोन्ही गोष्टी मिळतात.

मग अलाइनमेंट काढूनच टाकलं तर?

काहींनी टाकलं. 2008 च्या चौथ्या एडिशनने नऊचे पाच खाने केले आणि चाकही मोडलं, लोकांनी बरीच आरडाओरड केली आणि 2014 मध्ये दोन्ही परत आलं, पण नियमांत त्याचं वजन जवळजवळ काहीच उरलं नाही, कागदावर लिहायचं आणि विसरायचं. 'पाथफाइंडर' हा डी अँड डीचा भाऊबंद, 2023 च्या सुरुवातीला डी अँड डीचे नियम वापरायच्या लायसन्सवरून मोठा वाद झाल्यावर त्यांनी नोव्हेंबरपासून आपल्या नियमांतून अलाइनमेंट पूर्ण काढलं, त्याजागी तुमच्या देवाने सांगितलेली कर्तव्यं आणि निषिद्ध गोष्टी अशा दोन याद्या आल्या. ते सुटसुटीत आहे, टेबलावर भांडणं कमी होतात.

तरी मला ते नको वाटतं. 'माझं पात्र केऑटिक न्यूट्रल आहे म्हणून मी मित्राचं पाकीट मारलं' असं म्हणून खेळाचा विचका करणारे असतात, मान्य, पण दोष लेबलाला हुकूम समजण्याचा आहे. आम्ही आता असं करतो की नव्या पात्राच्या कागदावरचा तो खाना पाच सेशन रिकामा ठेवतो. मग पात्र ज्याचं आहे त्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी आठवून सांगायचं, याने काय काय केलं, कुणाला वाचवलं, कुठे शब्द फिरवला, आणि पेन्सिलने लिहायचं.

आमच्या पॅलाडिनचं काय झालं

मी शेवटी ते 1978 चं पुस्तक उघडून पॅलाडिनचं पान नीट वाचलं, आधी वाचलं होतं ते डोळ्यांखालून घालण्यासारखं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एक करून टाकल्या होत्या. पॅलाडिनने जाणूनबुजून बेबंद कृत्य केलं, म्हणजे शब्द मोडला, आज्ञा धुडकावली, तर त्याने सातव्या किंवा वरच्या पातळीच्या लॉफुल गुड पुरोहिताकडे जाऊन कबुली द्यायची आणि सांगेल ते प्रायश्चित्त करायचं, मग झालं. पण जाणूनबुजून वाईट कृत्य केलं तर पॅलाडिनपद त्या क्षणी जातं आणि परत कधीच मिळत नाही.

म्हणजे पोराला मारलं असतं तर सगळं संपलं असतं. राजाची आज्ञा मोडल्याला फक्त प्रायश्चित्त होतं. दोन दोऱ्या सारख्या जाडीच्या नाहीत हे त्या पानावर पहिल्यापासून छापलेलं होतं.

पुढच्या रविवारी मी मित्राला पान दाखवलं आणि माझा निकाल मागे घेतला. तो काही बोलला नाही, फासे उचलले आणि म्हणाला, मग आधी पुरोहिताकडे जाऊ. पात्रं तीन दिवस चालून एका डोंगरातल्या देवळात गेली, म्हाताऱ्या पुरोहिताचं काम अर्थात मलाच करायचं होतं. त्याने पूर्ण कबुली ऐकून घेतली, राजाला दिलेला शब्द, तळ, कणगी, सगळं. मग अंगरख्यातून बाहेर डोकावणाऱ्या त्या हिरव्या पोराकडे बघितलं आणि प्रायश्चित्त सांगितलं: याला तू वाढवायचं.

पोराचं अलाइनमेंट अजून लिहिलेलं नाही. त्याचे दोनच सेशन झालेत.